बाळाच्या कानाला गार वारा

एक होती चिचुंद्री. पिटुकली. तुमच्या अंगठ्याएवढी. तिचं नाव पिटकी.

तिच्या अंगाला थोडा वास यायचा. येऊ दे की! तुमच्या मोज्यांना येत नाही? येतो ना? मग!

पिटकीला सुट्टी लागली. पिटकी निघाली मावशीकडे. मावशीचं घर घाटावर, अगदी शेवटच्या स्टेशनात. मावशीला बाळ झालं होतं. एवढंस्सं. शेंगदाण्याएवढं. डोक्यावर एक केस नाही. आणि घाटावर थंडी म्हणजे काय थंडी!

आई म्हणाली, "पिटके, बाळाला बघायला रिकाम्या हाताने जायचं नसतं हं."

मग पिटकीने घेतला लोकरीचा गुंडा. पिवळा पिवळा. घेतली क्रोशाची सुई. आणि बसली गाडीत, खिडकीच्या कोपऱ्यात.

गाडी चालली. धडाक धुडूक, धडाक धुडूक.
सुई चालली. सुळूक सुळूक, सुळूक सुळूक.

साखळी, साखळी, टाका. साखळी, साखळी, टाका. बाळाचं टोपडं वाढू लागलं. रात्र झाली, पिटकी झोपली. सकाळ झाली, पिटकी उठली. सुळूक सुळूक. टोपडं होत आलं. राहिली एकच ओळ, आणि हनुवटीखाली बांधायचे दोन बंद.

बाहेर नुसतं धुकं. झाड नाही. डोंगर नाही. गाडी दुधातून चालल्यासारखी चालली होती.

इतक्यात, घच्च! गाडी थांबली.

गुंडा पडला. गड गड गड गड. लोकर तुटली. तट्! गुंडा गेला बाकाखाली आणि बसला एका मोठ्ठ्या बॅगेमागे अडकून.

पिटकीने बाकाखाली डोकावलं. गुंडा नाही तर टोपडं कसं व्हायचं? टोपडं नाही तर बाळाचं काय व्हायचं? तिने सुईवरची साखळी घट्ट धरली. ती सुटली की संपलं, सगळं टोपडं भर्रकन उसवतं. काखेत टोपडं, हातात सुई, पिटकी उतरली खाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बॅगताई, बॅगताई, सरक ना!"

"का गं पिटके?"

"गुंडा सुटेना,
टोपडं होईना,
बाळाच्या कानाला गार वारा!"

बॅग म्हणाली, "छे बाई! मी नाही सरकत. माझ्यावर आजोबांचे पाय. आधी त्यांना उचलायला सांग."

आजोबा झोपले होते. घुर्र फुस्स, घुर्र फुस्स. पिटकी चढली त्यांच्या गुडघ्यावर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आजोबा, आजोबा, पाय उचला ना!"

"का गं पिटके?"

"बॅग सरकेना,
गुंडा सुटेना,
टोपडं होईना,
बाळाच्या कानाला गार वारा!"

आजोबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हणाले, "छे बाई! मी नाही पाय उचलत. पोटात चहा गेल्याशिवाय माझे पाय माझं ऐकत नाहीत. आधी चहा आण."

घ्या! पाय यांचे, आणि ऐकायचे चहाचं!

चहावाले काका उभे होते डब्याच्या टोकाला. हातात किटली. किटलीतून वाफ. पिटकी गेली तुरुतुरु, तुरुतुरु.

"काका, काका, चहा द्या ना!"

"का गं पिटके?"

"आजोबा पाय उचलेनात,
बॅग सरकेना,
गुंडा सुटेना,
टोपडं होईना,
बाळाच्या कानाला गार वारा!"

काका म्हणाले, "छे बाई! मी नाही पुढे येत. ती बघ शाल्मलीताई. ऐन वाटेत भातुकली मांडून बसलीय. माझी किटली सांडली म्हणजे? आधी तिला उठव."

शाल्मलीताई होती चार वर्षांची. तिने भात टाकला होता. भात म्हणजे चुरमुरे हो! पण ती ढवळत होती अगदी मन लावून.

"ताई, ताई, ऊठ ना!"

"का गं पिटके?"

"काका चहा देईनात,
आजोबा पाय उचलेनात,
बॅग सरकेना,
गुंडा सुटेना,
टोपडं होईना,
बाळाच्या कानाला गार वारा!"

ताई म्हणाली, "छे बाई! मी नाही उठत. गाडी थांबली की मांडायचं, गाडी चालली की आवरायचं. आईने सांगितलंय. आधी इंजिनाला हलव."

आता इंजिन हलवायचं! पिटकी केवढी, इंजिन केवढं! पण गेली बिचारी. एक डबा ओलांडला. दुसरा डबा ओलांडला. तुरुतुरु, तुरुतुरु. इंजिन उभं होतं सुस्कारे टाकत. भुस्स, भुस्स.

"इंजिनदादा, इंजिनदादा, हल ना!"

"का गं पिटके?"

"ताई उठेना,
काका चहा देईनात,
आजोबा पाय उचलेनात,
बॅग सरकेना,
गुंडा सुटेना,
टोपडं होईना,
बाळाच्या कानाला गार वारा!"

इंजिन म्हणालं, "छे बाई! मी नाही हलत. सिग्नल लाल. लाल म्हणजे लाल. आधी त्याला हिरवा कर."

सिग्नल होता उंच खांबावर. खांब होता गारेगार. पिटकीचे पाय घसरले. सुर्रर्र! पुन्हा चढली. पुन्हा घसरली. सुर्रर्र! पुन्हा चढली.

"सिग्नलमामा, सिग्नलमामा, हिरवा हो ना!"

"का गं पिटके?"

"इंजिन हलेना,
ताई उठेना,
काका चहा देईनात,
आजोबा पाय उचलेनात,
बॅग सरकेना,
गुंडा सुटेना,
टोपडं होईना,
बाळाच्या कानाला गार वारा!"

सिग्नल म्हणाला, "छे बाई! मी नाही हिरवा होत. पुढे काही दिसतंय का? रूळ नाही, बोगदा नाही. नुसता धुकोबा पसरलाय. आधी त्याला उठव."

पिटकी गेली खांबाच्या टोकावर. त्याच्या वर काहीच नव्हतं. नुसतं पांढरं पांढरं. तिने एक पाय ठेवला. मऊ. दुसरा पाय ठेवला. मऊ मऊ. पिटकी धुक्यावरून चालू लागली.

तुरुतुरु नाही बरं का आता. हळू. अगदी हळू.

आवाज नाही. वाट नाही. खाली गाडी आहे की नाही, तेही कळेना. पिटकी चालतेय की तरंगतेय, तेही कळेना. तिला जरा भीती वाटली. आणि जरा मज्जाही वाटली.

तिथे बसला होता धुकोबा. मांडी घालून. केवढा थोरला!

"धुकोबा, धुकोबा, ऊठ ना!"

"श्शूऽऽ! हळू बोल. का गं पिटके?"

पिटकी हळूच म्हणाली,

"सिग्नल हिरवा होईना,
इंजिन हलेना,
ताई उठेना,
काका चहा देईनात,
आजोबा पाय उचलेनात,
बॅग सरकेना,
गुंडा सुटेना,
टोपडं होईना,
बाळाच्या कानाला गार वारा!"

धुकोबा म्हणाला, "छे बाई! मी नाही उठत. माझ्या मांडीवर बघ कोण झोपलंय."

पिटकीने वाकून बघितलं. अगंबाई! तिथे होतं ऊनबाळ. बोराएवढं. लाल लाल. आज सकाळीच जन्मलेलं. डोक्यावर एक किरण नाही.

धुकोबा म्हणाला, "त्याला थंडी वाजते गं. मी त्याचं पांघरूण. मी उठलो तर ते कुडकुडेल."

पिटकी त्याच्या जवळ गेली.

"ऊनबाळा, ऊनबाळा, वर ये ना!"

ऊनबाळाने एक डोळा उघडला. "का गं पितके?" इतकं लहान होतं, त्याला नीट बोलता पण येत नव्हतं.

"धुकोबा उठेना,
सिग्नल हिरवा होईना,
इंजिन हलेना,
ताई उठेना,
काका चहा देईनात,
आजोबा पाय उचलेनात,
बॅग सरकेना,
गुंडा सुटेना,
टोपडं होईना,
बाळाच्या कानाला गार वारा!"

ऊनबाळ म्हणालं, "माझ्या कानाला पन गाल वाला."

पिटकी मागे सरकली. टोपडं तिने पाठीमागे लपवलं. "हे आमच्या बाळाचं आहे," ती म्हणाली. "एकच आहे."

ऊनबाळ नुसतं कुडकुडलं. कुडकुड, कुडकुड.

पिटकी वळली. दोन पावलं गेली. पण पाय पुढे जाईनात. हेही बाळच की! बाळाला बघायला आली, ते काय रिकाम्या हाताने? आई काय म्हणेल? आणि बाळ तर खरंच गारठलं होतं. पिटकीला रडूच आलं. रडत रडत ती परत आली. सुई काढून घेतली. टोपडं ऊनबाळाच्या डोक्यावर ठेवलं. हळूच कानांवर ओढलं.

"ओढू नकोस हं," ती म्हणाली. "नाहीतर उसवेल."

ऊनबाळाची कुडकुड थांबली. ऊनबाळ हसलं. खुदुखुदु!

ऊनबाळ हसलं, वर आलं.
धुकोबा उठला. जाता जाता त्याने पिटकीला उचललं आणि अलगद गाडीच्या खिडकीत ठेवलं.
सिग्नल हिरवा झाला. टिक्!
इंजिन हललं. भोंऽऽ!
ताई उठली. भातुकली आवरली.
काकांनी चहा दिला. खळ्ळ्!
आजोबांनी चहा प्यायला. भुर्रर्र! आजोबांनी पाय उचलले.
बॅग सरकली.
गुंडा सुटला. गड गड गड गड, थेट पिटकीच्या पायाशी!

पिटकीने गुंडा उचलला. सुई उचलली. आणि बसली तशीच.

गुंडा होता. सुई होती. टोपडंच नव्हतं.

आता काय विणायचं? आणि कधी विणायचं? पुढचं स्टेशन मावशीचं. पिटकीने गुंड्यात तोंड खुपसलं.

एवढ्यात आला बोगदा. अंधार गुडुप! शाल्मलीताई ओरडली, "कूऽऽऽ!" आजोबाही ओरडले, "कूऽऽऽ!" चहा पोटात गेला होता ना!

गाडी बाहेर आली. बाहेर लख्ख ऊन. ऊनबाळ चांगलं भाकरीएवढं झालं होतं. गाल लाल. डोक्याला घाम. आता तुम्हीच सांगा, बाळाला उकडलं की बाळ काय करतं? टोपडं ठेवतं होय डोक्यावर?

टोपडं ओढलं आणि दिलं फेकून! भिर्रर्र भिर्रर्र भिर्रर्र, पट्ट! टोपडं पडलं पिटकीच्या मांडीवर.

पिटकीचा जीव भांड्यात पडला. तिने उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. दोन टाके उसवले होते. दोनच! तिने लोकरीला गाठ मारली. सुळूक सुळूक, सुळूक सुळूक. साखळी, साखळी, टाका. शेवटची ओळ झाली. एक बंद झाला. दुसरा बंद झाला.

आणि स्टेशन आलं.

मावशीचं घर होतं तिकिटाच्या खिडकीमागे, एका खोक्यात. पिटकी आत शिरली. मावशीच्या कुशीत बाळ होतं. गुलाबी गुलाबी. कुडकुड, कुडकुड.

"मावशी, टोपडं आणलंय!"

मावशी आधी हसली. मग तिचं तोंड एवढंसं झालं.

"किती गोड विणलंयस गं पिटके! पण बाळाचं पहिलं टोपडं कोरं नाही घालत. आधी दुसऱ्या बाळाने घातलेलं हवं. हसऱ्या, गुटगुटीत बाळाने. आपल्याकडे तशी रीत आहे ना? आता इथे घाटावर दुसरं बाळ कुठून आणू मी?"

पिटकी म्हणाली, "घातलंय मावशी! एका बाळाने घातलंय."

"हसरं होतं का गं?"

"खुदुखुदु हसत होतं."

"गुटगुटीत?"

"आधी बोराएवढं होतं. मग भाकरीएवढं झालं!"

"अगंबाई! असं कुणाचं बाळ गं?"

पिटकीने खिडकीबाहेर बोट दाखवलं. वर, उंच. मावशीने वर पाहिलं. तिचे डोळे दिपले. तिने टोपडं हातात घेतलं. गालाला लावलं. टोपडं अजून गरम होतं.

मावशीने टोपडं बाळाच्या डोक्यावर घातलं. कानांवर ओढलं. हनुवटीखाली बंद बांधले. बाळाची कुडकुड थांबली. बाळाने एवढीश्शी जांभई दिली. मावशीने पिटकीलाही कुशीत ओढलं.

गाडी पोचली, गोष्ट पोचली. ज्यांना ज्यांना जांभई आली, त्यांनी इथेच उतरायचं.