भर दुपारचा रंग

डोंगरांच्या वाटीत वसलेलं एक मोठं शहर होतं. तिथं लिंबाजी नावाचा रंगारी गाड्या रंगवायचा. शेजारच्या दुकानात मेहरूनआपा रफू करायच्या. रफू असं, की फाटलं होतं कुठं ते शोधूनही सापडू नये! लिंबाजीच्या लेकीचा शालू ऐन लग्नात फाटला, तेव्हा आपांनी मांडवात बसून तो सांधून दिला होता. तेव्हापासून लिंबाजी त्यांचं नाव हात जोडूनच घ्यायचा.

पुढं रोज दुपारी ऊन चढलं की शहरावर तपकिरी धुरकं साचू लागलं. आपांचे डोळे चुरचुरायचे, सुईत दोरा जाईना. "लिंबाजी, आता सुई ठेवूनच देते रे," त्या एकदा म्हणाल्या. "या मेल्या उन्हानं तुमच्या डोळ्यांची वाट लावली!" लिंबाजी ओरडला.

हवा तपासायला आलेल्या एक बाई तिथंच यंत्र लावत होत्या. "उन्हाला कशाला शिव्या देता, मामा?" त्या म्हणाल्या. "ऊन नुसती चूल आहे. डाळ-तांदूळ आपलेच. गाड्यांचा धूर आणि तुम्ही रंग पातळ करायला घालता त्या थिनरची वाफ. वारा पडला की दोन्ही उन्हात शिजतं आणि डोळ्यांत जातं."

लिंबाजीनं आपल्या दुकानाकडे पाहिलं. रंग चटकन वाळावा म्हणून सगळे रंगारी भर दुपारीच फवारा मारत. थिनरचा डबा दिवसभर उघडा. त्यानं रस्त्यावरच्या गाड्यांकडे बोट उचललं, पण शालू आठवला आणि हात खाली आला.

दुसऱ्या दिवसापासून डब्याला झाकण लागलं, फवारा उन्हं कलल्यावर सुरू झाला. काम लांबलं, गिऱ्हाईकं कुरकुरली, दोन तर तुटलीच. तरी तो इतर रंगाऱ्यांना सांगत फिरला. कुणी हसलं, कुणी ऐकलं. आता रिक्षावाल्यांना सांगायलाही त्याला तोंड होतं, "थांब्यावर इंजिन बंद ठेवा रे, बाबांनो!"

आभाळ काही लगेच निवळलं नाही बरं का! तोवर लिंबाजी रोज दुपारी आपांच्या सुया ओवून द्यायचा.

दोन वर्षांनी, धुरकं विरळ झालेल्या एका दुपारी तो गेला, तर आपांनी सुई आपणच ओवलेली. "आण तुझा एखादा फाटका सदरा," त्या म्हणाल्या. रफू करताना त्यांचे डोळे भरून आले. लिंबाजी घाबरला.

"घाबरू नकोस," आपा हसल्या. "हे पाणी धुरक्याचं नाही."

तात्पर्य: उन्हाला बोल लावण्याआधी आपल्या डब्याचं झाकण बघावं; ज्याला दुसऱ्याचे उपकार आठवतात, त्याला आपली चूक सुधारणं जड जात नाही.