झुकिनीचे बारसे

ज्या काळी भाज्यांना वाचा होती, त्या काळी उमाकाकूंच्या परसात प्रथमच एक पिवळी झुकिनी धरली.

"झुकिनी! हे काय नाव झाले?" मांडवावरून दोडका गरजला. "मराठी नाव ठरल्यावाचून स्वयंपाकघरात प्रवेश नाही."

"पीतकर्कटी म्हणू, म्हणजे पिवळी काकडी," भोपळ्याने सुचवले. दोडक्याला ते पटेना. वाद दोन दिवस चालला.

"दादांनो, तुमचे ठरेपर्यंत मी जून होईन हो!" झुकिनी कळवळली आणि तिने थेट काकूंनाच हाक मारली.

काकूंनी तिला कोवळीच तोडली, सालीसकट चिरली आणि जिऱ्याच्या फोडणीत परतून वर दाण्याचे कूट घातले.

काकांनी पहिला घास घेतला.

"अहो, हिला मराठीत काय नाव ठेवावे?" काकूंनी विचारले.

"नाव ठेवायला जागाच नाही," काका म्हणाले. "आणखी वाढ!"