यंत्रमानवाचा चेहरा

अंतराळवीरांच्या मदतीला जाणारा यंत्रमानव तयार झाला आणि संचालक राजोपाध्येसाहेब हट्टाला पेटले, "याला माझा चेहरा बसवा!"

नवा चेहरा घडवायचा तर उड्डाण चार महिने लांबणार! मुख्य अभियंता मंदाकिनी भोगटेंनी मनातल्या मनात हिशेब केला. पण साहेबांना नाही कोण म्हणणार?

त्या नम्रपणे म्हणाल्या, "बसवते, साहेब. पण उड्डाणाआधी हातोडा मारून त्याचं डोकं तपासायचंय. एरवी या कामाला एक माणूस पुरतो."

"मग?"

"चेहरा तुमचा असला, तर अख्खं ऑफिस रांग लावेल. चिठ्ठ्या टाकाव्या लागतील."

साहेबांनी मागे वळून पाहिलं. शिपायापासून उपसंचालकांपर्यंत सगळे हसू दाबत छताकडे बघत होते.

यंत्रमानव ठरल्या दिवशी, कोऱ्या चेहऱ्यानेच अवकाशात गेला.