मापावरची मूठ

नदीकाठी एक गाव होतं. तिथल्या भुसार बाजारात एक जुनी चाल होती. धान्य मोजून झालं की मापारी मापावर आणखी एक मूठ घालायचा. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश. पुढे पुढे गावाला या मुठीची इतकी सवय झाली की कुणाचं कौतुक करायचं झालं तरी लोक दोन गोष्टी पदरच्या घालूनच करायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

या बाजारात त्र्यंबकशेट नावाचा एक तापट व्यापारी होता. त्याचा मुलगा मुरलीधर दसरा करून बैलांचा तांडा घेऊन बंदराकडे निघाला. "माल सोडून कुठं हलशील तर याद राख," असं बापानं त्याला बजावलं होतं. घरी त्याची तरुण बायको गोदू होती.

संक्रांतीच्या सुमाराला, बंदरावरून पुढच्या पेठेकडे जाताना, तांडा गावाच्या पलीकडे मुक्कामाला आला. मुरलीधरला राहवेना. शेट परगावी गेलेले आहेत असं कळताच तो दुपारी पायी घरी आला आणि दुसऱ्या दिवशी उजाडता परत गेला. येताना त्याला शेजारच्या भागूमावशीनं पाहिलं. जाताना तो नदीच्या उतारावर येमाजी मापाऱ्याला भेटला. "बाबांना बोलू नका हं," एवढंच म्हणून तो घाईनं पुढे गेला. तिकडे तोवर तांड्यातले दोन बैल चोरीला गेले होते. मुरलीधरनं बापाला निरोप धाडला की, मी रात्रभर जागाच होतो, राखणदाराला डुलकी लागली. बिचाऱ्या राखणदाराची नोकरी गेली.

कोजागिरीला गोदूला मुलगी झाली. मुरलीधर दिवाळीला परतला. त्या गावात बापानं मांडीवर घेतल्याशिवाय मुलाचं बारसं होत नसे. सगळे त्याचीच वाट पाहत होते. त्र्यंबकशेटनं सर्वांसमक्ष विचारलं, "सून म्हणते, तू संक्रांतीला घरी आला होतास. खरं का?"

मुरलीधरनं बापाच्या डोळ्यांकडे पाहिलं. हो म्हणावं तर बैलांचं खोटं उघडं पडणार. तो म्हणाला, "मी तांडा सोडून हललोच नाही."

एका भित्र्या माणसाचं हे एक वाक्य. त्यानं पाळण्यातलं मूल बिनबापाचं केलं.

गोदूचा भाऊ कसब्याच्या कचेरीत दाद मागायला गेला. न्यायाधीशांनी साक्षीदारांना बोलावणं पाठवलं. येमाजी आणि भागूमावशी दोघंही गोदूच्या बाजूचे होते. दोघांनी मुरलीधरला डोळ्यांनी पाहिलं होतं. एकीनं येताना, एकानं जाताना. याहून चोख साक्ष कोणती असणार? पण साक्षीच्या आदल्या दिवशी भागूमावशी आपल्या ओसरीवर बसून म्हणाली, "नुसतं दारात शिरताना पाहिलं, एवढ्यानं काय होतंय? पोरीच्या अब्रूचा प्रश्न आहे. जरा भरीव सांगायला हवं." तिकडे येमाजीच्या मनातही हेच चाललं होतं. मापावर मूठ घालायची सवय ती. हात कसा आखडणार?

न्यायाधीशांनी एकेकाला वेगवेगळं आत घेतलं.

भागूमावशी म्हणाली, "पायी आला होता, पायांवर ही धूळ! चांगला तीन दिवस राहिला. माझ्या हातचा तिळगूळ खाल्ला."

येमाजी म्हणाला, "पांढऱ्या घोड्यावर होता, सरकार. बायकोला भारीचं लुगडं आणलं होतं. एक रात्र राहून उजाडता गेला."

शेवटी गोदू आली. ती म्हणाली, "पायी आले. एक रात्र राहिले. काही आणलं नव्हतं."

न्यायाधीशांनी तिन्ही जबान्या पुन्हा वाचल्या. मग त्यांनी सगळ्यांना समोर उभं केलं. "ही बाई खरं बोलते आहे असं मला वाटतं," ते म्हणाले. "पण माझ्या नुसत्या वाटण्यावर निकाल देता येत नाही. तिला आधार हवा तो साक्षीदारांचा, आणि तेच एकमेकांना खोटं पाडताहेत."

येमाजीच्या तोंडचं पाणी पळालं. तो हात जोडून म्हणाला, "सरकार, घोडा आणि लुगडं मी वरून घातलं. तेवढं काढून टाका. बाकीचं खरं आहे."

"खडे धान्यातून निवडता येतात, बाबा," न्यायाधीश म्हणाले. "साक्षीतून मी कसे निवडू? आता तुम्ही म्हणाल तेच खरं, हे मी कशावरून मानू?"

दावा फेटाळला गेला. मुरलीधर खाली मान घालून उभा होता. तो तेव्हाही बोलला नाही.

गोदू मुलीला घेऊन माहेरी निघाली. भागूमावशी तिच्या गाडीमागे धावत गेली. "मी तुझ्या भल्यासाठीच केलं गं!"

"मावशी, तुम्ही त्यांना पाहिलं होतंत," गोदू म्हणाली. "तेवढंच सांगायचं होतं."

वर्षं गेली. त्र्यंबकशेट वारले. मुरलीधरची भीती गेली आणि मागे नुसता पश्चात्ताप उरला. एके दिवशी तो गोदूच्या माहेरी जाऊन दारात उभा राहिला. एकट्याला धीर होईना म्हणून त्यानं म्हाताऱ्या भागूमावशीला सोबत आणलं होतं. मुलगी अंगणात तुळशीला पाणी घालत होती. मामानंच तिला मांडीवर घेऊन तिचं बारसं केलं होतं. नाव ठेवलं होतं शेवंता.

मावशी काकुळतीनं म्हणाली, "पोरी, हा तुझा बाप. संक्रांतीला हा घरी आला होता. मी या डोळ्यांनी पाहिलंय."

शेवंतानं दोघांकडे पाहिलं. मग तिनं आईला विचारलं, "आई, कचेरीत खोटं बोलली ती मावशी हीच ना?"

गोदूचे डोळे भरून आले. "हीच. पण आत्ता खरं बोलते आहे, बाळ."

"हिचं कोणतं बोलणं खरं, हे मी कसं ओळखू?" शेवंता म्हणाली. मग कळशी खाली ठेवून ती आत मामाला बोलवायला गेली. मावशीनं पदर तोंडाला लावला. मुरलीधर उंबरठ्याबाहेरच उभा राहिला.

तात्पर्य: पाहिलं असेल तेवढंच सांगावं. चांगल्या हेतूनं जोडलेलं खोटंही खऱ्याचा विश्वास घालवतं, आणि त्याची भरपाई भलत्याच निरपराध जिवाला करावी लागते.