न उतरणारी परांची

“मग ही परांची उतरवतात कधी?” चिंधूबुवांनी विचारलं.

डॉक्टर पिंगळे हसले. पुण्याला मेंदूवर संशोधन करणारा माणूस. सासूबाईंनी हट्टच धरला, म्हणून लेकीला घेऊन नदीकाठच्या या मठीत आले होते. लेक शाल्मली, चार वर्षांची. चटईची एक काडी ओढत बसली होती. ओढतच होती.

“उतरवत नाहीत, बुवा. हे काय देवळाचं बांधकाम आहे, काम झालं की बांबू सोडायला? मेंदूतल्या दोन पेशींच्या मधे बारीकशी फट असते. अलीकडची बोलते, पलीकडची ऐकते. पलीकडचीचे कान बरोबर अलीकडचीच्या तोंडासमोर धरून ठेवायचे, हे एका प्रथिनाचं काम. म्हणून त्याला आम्ही परांची म्हणतो. ती गेली की कान जागेवर राहत नाहीत.”

“हिची गेली?”

“हिच्यात ती पुरेशी बनतच नाही.”

वर्गात शिकवावं तसं डॉक्टर बोलत होते. मग आवाज जरा खाली आला.

“आधी पाण्याला मम म्हणायची. भुर्र म्हणायची. मला बा म्हणायची. एकेक करून सगळं गेलं.”

शाल्मलीनं काडी सोडली, परत धरली.

“आणि ज्यांच्यात बनते,” बुवा म्हणाले, “त्यांच्यात ती नेमकी समोरच कशी बसते?”

“फटीतून दोघींनी एकमेकींना धरलेलं असतं. आणि हाक येत राहावी लागते. हाक थांबली की तीही हळूहळू जागा सोडते.”

...

“तुम्ही मारता हाक?” बुवांनी विचारलं.

“मारायचो.” डॉक्टर पोरीकडे बघत नव्हते. “आता नाही मारत. आत काय नाही ते मला दिसतं ना. ज्याला दिसत नाही त्यानं मारावी. हिची आई मारते दिवसभर. घसा बसलाय तिचा.”

बुवा पोरीच्या हातातल्या काडीकडे बघत होते.

“बोला की, बुवा. बरी होईल म्हणा. अंगारा द्या. सगळे देतात.”

“नाही होणार बरी.”

डॉक्टरांनी मान वर केली. बुवा हो म्हणाले की हसायचं, असं ठरवून आले होते ते. नाही ऐकायची तयारी नव्हती.

“बनतच नाही, हे तुम्हीच सांगितलंत. तिथं माझा अंगारा काय करील?”

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मोठा माणूस, पण खांदे पोरासारखे हलत होते.

बुवा गुडघ्यांवर हात टेकत उठले. शाल्मलीसमोर जाऊन बसले. तिच्या तोंडासमोर तोंड येईल इतके वाकले.

“शाल्मलीबाय, आज पिठलं खारट झालंय. मीच केलं. कुणाला सांगू नको.”

ती काडी ओढत होती.

बुवा तिच्या तोंडाकडे बघत थांबले. बराच वेळ थांबले.

“औंदा नदीला पाणी नाही बघ. नाहीतर पाय बुडवले असते तुझे.”

परत थांबले.

...

“पुरे, बुवा.” डॉक्टर कळवळून म्हणाले. “तिच्यापर्यंत काहीच...”

बुवांनी मान न वळवता हात वर केला.

“मधे बोलू नका, डॉक्टर. आता ती बोलतेय.”