वनमणी आणि एकवीस हात

एका राज्यात राजधानीच्या तटाला खेटून घनदाट अरण्य होते. राजाचे नाव भद्रसेन. राजा मनाचा वाईट नव्हता, पण फार उतावळा होता. त्याच्या नगरसभेत एकवीस सभासद बसत, प्रत्येक धंद्याचा एक. कासारांच्या वतीने सगुणा कासारीण बसे. तिच्या भट्टीतली बांगडी हातात भरली की काचेच्या आत उजेड फिरे, आणि तो सात वर्षे मावळत नसे.

या नगरावर एक संकट आले. अरण्यातली जनावरे दिवसाढवळ्या बाजारात उतरू लागली. वानरे हलवायाच्या पराती पळवीत. रानडुकरे कुंभारवाड्यातून मडकी फोडीत धावत. बिबळे पाणपोईवर येऊन पाणी पीत. राजाने धनुर्धारी नेमले. पण बाण लागून एक जनावर पडले की त्याच जागी दोन उठत. दोनाची चार झाली, चाराची आठ झाली. धनुर्धारी वाढवावे लागले, म्हणून राजाने दुकानादुकानावर शिकारपट्टी बसवली. जनावरे वाढली तशी पट्टी वाढली. आधी अत्तरवाल्याने दुकान बंद केले, मग विणकराने माग मोडला, आणि अर्धा बाजार ओस पडला.

तेव्हा नगरसभा भरली. राजाला मंतरलेले बाण पुरवणारा मायावी ज्वालाक्ष उठून उभा राहिला.

"महाराज, अरण्यच पेटवून द्या. ना झाड उरेल, ना जनावर."

राजा म्हणाला, "उत्तम! उद्याच पेटवू."

सगुणा ताडकन उठली. "महाराज, मला तीन दिवस द्या. जनावरेही जगतील आणि दुकानेही उघडतील."

ज्वालाक्ष हसला. "आणि हरलीस तर?"

"तर माझी शिळा कर."

"दिले तीन दिवस," राजा म्हणाला.

सगुणा घाईने बाहेर पडली. बोलून तर बसली, पण करायचे काय ते तिला ठाऊक नव्हते. वेशीबाहेरच्या उंबरावर पिवळ्या चोचीचा एक भला मोठा धनेश पक्षी बसला होता. तो माणसाच्या वाणीने बोलला.

"सगुणे, पाच वर्षांमागे ज्वालाक्षाने राजाला हिरवा मणी भेट दिला. तो वनमणी. अरण्यातल्या झऱ्याचा प्राण. मणी गेला, झरा आटला. जनावरे नगरात येतात ती पाण्यासाठी. आणि एकाची दोन होतात, ती ज्वालाक्षाच्या बाणांची माया. जितके बाण खपतील, तितका त्याचा लाभ."

"मग उपाय सांग, पक्षिराज."

"तीन कामे आहेत. घायाळ बिबळीच्या खांद्यातला बाण हाताने काढ. मग शिकारपट्टी उठव. ती बसल्यापासून राजाच्या तळघरातली मण्याची पेटी पर्वताएवढी जड झाली आहे. शेवटी मणी घेऊन भरबाजारातून झऱ्याकडे चाल. सारी जनावरे तुझ्यामागून येतील. त्यांच्यावर एकानेही शस्त्र उगारून वार केला, तर मण्याचा कोळसा होईल."

सगुणा तशीच अरण्यात शिरली. कोरड्या झऱ्याच्या काठी बिबळी पडली होती. बाण खोल रुतूनही ती मेली नव्हती. सगुणाला पाहून ती गुरगुरली. तरी सगुणा तिच्याजवळ बसली.

"माय, दुखेल. पण एकदाच."

तिने बाण उपटला. बिबळीने डरकाळी फोडली, पंजा उगारला, आणि तो अलगद सगुणाच्या मांडीवर ठेवला. पहिले काम झाले.

दुसऱ्या दिवशी सगुणा सभेत आली ती बिबळीला बरोबर घेऊन. सभासद बाकांवर चढले. तिने रक्ताळलेला बाण राजापुढे ठेवला आणि धनेशाने सांगितले ते सारे सांगितले.

"खोटे!" ज्वालाक्ष ओरडला.

राजा गोंधळला. "पट्टी उठवली तर धनुर्धाऱ्यांना वेतन कोठून देऊ?"

"महाराज, शिकारच थांबली तर धनुर्धारी कशाला?"

मत घेतले. पट्टी उठवावी म्हणून दहा हात वर झाले, दहा खालीच राहिले. उरला गणोजी कुंभार. त्याची तीन आवे भरतील एवढी मडकी डुकरांनी फोडली होती. तो बिबळीजवळ गेला, तिच्या खांद्यावरची जखम त्याने पाहिली.

"माझे नुकसान झाले ते मी विसरलो नाही," तो म्हणाला. "पण हिला काय हवे तेही कोणी विचारले नाही." आणि त्याने हात वर केला.

त्याच क्षणी तळघरात मोठा आवाज झाला. पेटी फुलासारखी हलकी झाली होती.

तिसऱ्या दिवशी सगुणा मणी ओंजळीत घेऊन निघाली. मागे बिबळी, तिच्यामागे डुकरे, भेकरे, वानरे, शेकड्यांनी! दोन्ही बाजूंना नगरजन श्वास रोखून उभे. राजा स्वतः शेजारून चालत होता. इतक्यात एका थोराड वानराने उडी मारली, राजाच्या डोक्यावरचा मुकुट भिरकावला आणि त्याच्या श्रीमुखात भडकावली.

सारा बाजार किंचाळला. राजाची तलवार सपकन बाहेर आली. सगुणाच्या ओंजळीतला मणी काळवंडू लागला.

"महाराज!" ती एवढेच म्हणाली.

ओठ रक्त येईस्तोवर चावत राजाने तलवार म्यान केली आणि उघड्या डोक्याने तो पुढे चालू लागला. मणी पुन्हा हिरवागार झाला. वानर रागाने फुगले, फुगले आणि फाटले. आतून ज्वालाक्ष भुईवर पडला. त्याची विद्या तिथेच सरली.

मग काय सांगावे! सगुणाने मणी झऱ्यात सोडला आणि पाणी ताडाएवढे उसळले. मायेची जनावरे धुक्यासारखी विरली. खरी उरली ती मान खाली घालून पोटभर प्यायली. राजाच्या अंगावर तुषार उडाले, आणि पाच वर्षांत प्रथमच तो मोठ्याने हसला.

त्याच संध्याकाळी सभेने ठराव केले. तट आणि अरण्य यांच्यामध्ये उंबर-जांभळांचा पट्टा लावावा, त्यात पाणवठे बांधावेत. चुकून जनावर आत आलेच, तर ढोल वाजवून त्याला परत वळवावे. बाण कोणी सोडू नये. ज्यांचे नुकसान झाले त्या दुकानांना तीन वर्षे कर माफ. या वेळी एकवीसच्या एकवीस हात वर झाले.

"या ज्वालाक्षाचे काय करू? शिळा?" राजाने विचारले.

"नको महाराज," सगुणा म्हणाली. "उन्हाळ्यात पाणवठ्यांवर पाणी वाहायला माणूस लागेल."

ज्वालाक्षाने मुकाट्याने कावड खांद्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला तेव्हा अत्तरवाल्याने दुकानाची पहिली फळी काढली. मग शेजारच्याने काढली, मग समोरच्याने. खडाड्‌खड, खडाड्‌खड करीत तो आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेला, आणि सारा बाजार उघडा झाला.