उपाशी वाटी

एका राज्यात धुरंधर नावाचा राजा राज्य करीत होता, आणि त्याच्या राजवाड्याच्या मागच्या भिंतीला लागून साळूबाईचं घर होतं. राज्य मोठं होतं, भिंत ठेंगणी होती. त्यामुळे राजवाड्यात काय शिजलं, कोण रुसलं, कोणाच्या पायाला काय लागलं, हे प्रधानाच्या आधी साळूबाईला कळे.

राजाला एकुलती एक मुलगी, कुमुदा, सात वर्षांची. तिला एका सकाळी भूक लागली ती लागलीच. ताटभर जेवली, पातेलंभर जेवली, तरी 'पुरे' हा शब्द तिच्या तोंडून येईना. खाई तितकी वाळत जाई. तीन मांत्रिक आले. पहिल्याने भस्म फुंकलं, दुसऱ्याने वारा बांधून ठेवला, तिसरा बेडूक होऊन तिच्या उशाशी बसला. भूक हलली नाही.

मग समुद्राकडून एक कुरव पक्षी उडत आला आणि राजाच्या मांडीवर बसून म्हणाला, "तुझ्या खजिन्यात एक तांब्याची वाटी आहे. ती साठ वर्षं उपाशी आहे. तिची भूक तुझ्या मुलीला लागली."

"ती आमच्या आजोबांची वाटी," राजा म्हणाला. "तिच्यावर माणिक जडवलं आहे."

"ती शंखपट्टणातल्या एका घरची वाटी. तुझे आजोबा तिथे फिरायला गेले, तापाने पडले. त्या घरच्या बाईने तीन दिवस त्या वाटीतून पेज पाजली. तुझे आजोबा बरे झाले, वाटी घेऊन आले, आणि कुलपात ठेवून विसरले. दोन घरांत जा-ये करायची तिची जात. अमावास्येच्या आत ती त्या घरी पोहोचव, नाहीतर मुलगी सावलीएवढी उरेल."

"प्रधान हत्तीवरून नेईल."

"तू जा. चालत जा. राजा म्हणून सांगू नको. आणि रिकामी नेऊ नको."

राजाने वाटीत मोती ओतले. मोती गेले. आचाऱ्याने बासुंदी ओतली. बासुंदीही गेली, वाटी चाटून पुसल्यासारखी लख्ख. तेवढ्यात भिंतीवरून साळूबाईचं डोकं वर आलं.

"महाराज, तुम्हाला पत्ता विचारता येतो का?"

"राजा विचारत नाही, सांगतो."

"मग मी येते बरोबर," साळूबाई म्हणाली. "विचारण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. पोरीसाठी चार दिवस घर उघडं टाकीन."

नऊ दिवस चालून दोघं शंखपट्टणाला पोहोचली. कुरव डोक्यावरून उडत होता. ही नगरी एवढी मोठी, की एका वेशीत सकाळ असताना दुसरीत दुपार होई. तिथे पंधरा भाषा बोलल्या जात, आणि घोड्यावरून येणाऱ्याला नगरी नुसत्या भिंती दाखवी. पायी येणाऱ्यालाच दारं दिसत. राजाला आयुष्यात पहिल्यांदा एवढी दारं दिसली. कुठे झेंडूचं तोरण, कुठे खडूने काढलेला मासा, कुठे निळी चौकट, कुठे हिरवा पडदा. एका चौकात घंटा वाजली, दुसऱ्यात बांग झाली, तिसऱ्यात तीन म्हातारे उगवत्या उन्हाला हात जोडून उभे होते. कबुतरं तिन्हीकडचे दाणे खात होती.

"ह्या दारावर मासा का हो?" साळूबाईने एकाला विचारलं. "आणि तुमच्याकडे आज लग्न आहे का? मुलगी कुठली?"

"साळूबाई, आपण वाटीचं विचारायला आलो आहोत."

"हातासरशी हेही होतं, महाराज."

पहिलं काम तांबट आळीत निघालं. ठोक्यांनी आळी थरथरत होती. वाटी पाहून म्हातारा तांबट म्हणाला, "सांगतो. पण पोरगा आजारी आहे, भाता कोण ओढणार?"

राजाने अंगठी काढली. साळूबाईने ती परत त्याच्या मुठीत दाबली. "त्याला हात हवाय. अंगठी काय भाता ओढणार?"

राजाने दुपारपर्यंत भाता ओढला. तांबटाने चिमट्याने माणिक उचकटलं. खाली शिक्का होता, शेपट्या जुळलेले दोन मासे. "एवढा मोठा खडा नेमका खुणेवरच बसवला होता," तांबट हसला. "हे काम आमच्या पणज्याचं, गलबतवाल्यांसाठी केलेलं. बंदरावर जा. पण आधी जेवा." बायकोने भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. कोण, कुठले, कोणीच विचारलं नाही. नाही म्हणायला साळूबाईने त्यांचं सगळं विचारून घेतलं.

दुसरं काम बंदरावर. तिथे समुद्रापलीकडून आलेली लाल टोप्यांची माणसं गलबतं बांधीत. त्यांची भाषा कुरव सांगे, आणि वर स्वतःची भर घाली.

"मुकादम म्हणतो, फळ्यांच्या फटींत राळ-कापूस ठोकून दे, मग सांगतो. माझं म्हणशील तर तुला जमेलसं दिसत नाही."

राजाने ठोकलं. एक ठोका अंगठ्यावरही बसला. संध्याकाळी मुकादमाने त्याच्या अंगठ्याला हळद लावली आणि डोंगराकडे बोट दाखवलं. "दोन माशांच्या सात वाट्या आम्ही वर, भट्टीवाल्यांच्या डोंगरावर दिल्या होत्या. पुढचं भट्टीवाला सांगेल." मग त्याने खजुराची पुडी राजाच्या उपरण्याच्या पदरात बांधली, आणि ती घेताना राजाने पहिल्यांदा हात जोडले. कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी डोंगर चढताना राजा म्हणाला, "साळूबाई, उद्या अमावास्या. घर सापडेलही. पण वाटीत काय घालायचं?"

"भट्टीवाल्यांना विचारू," साळूबाई म्हणाली आणि पुढे झाली.

तिसरं काम भट्टीवर. भट्टीवाली आडदांड बाई होती, भुवयांवरसुद्धा पीठ. "घर ना? पायऱ्यांच्या टोकाला, निळ्या दाराचं. पण अर्धी आळी पावासाठी खोळंबली आहे. मळून दे आधी."

राजाने मळलं. पीठ हाताला चिकटलं, कोपराला चिकटलं, दाढीत गेलं.

"पाहुणे, कुस्ती करताय की पीठ मळताय?" भट्टीवाली म्हणाली. शेवटचा गोळा तिने राजापुढे टाकला. "हा तुमचा. थापा आणि भाजा."

त्या गोळ्याचा पाव झाला तो एका बाजूने फुगला आणि दुसऱ्या बाजूने करपला. राजाला मुलगी आठवली. 'कुमुदेसाठी ठेवू' असं म्हणत त्याने तो समोरच्या भांड्यात ठेवला. ते भांडं म्हणजे ती वाटी होती.

साळूबाईने ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. पाव वाटीत होता. वाफा निघत होत्या.

"महाराज," ती हळूच म्हणाली, "मोती खजिन्याचे होते, बासुंदी आचाऱ्याची. हा तुमच्या हातचा आहे."

एकशे आठ पायऱ्या राजा वाटी दोन्ही हातांत धरून चढला. निळं दार उघडंच होतं. आत फळीवर दोन माशांच्या सहा वाट्या, आणि सातवीची जागा रिकामी. जागा रोज पुसलेली होती. एक म्हातारी बाहेर आली आणि काही बोलली.

राजाने कुरवाकडे पाहिलं.

"मला पंधरा भाषा येतात," कुरव म्हणाला. "ही सोळावी."

राजाने वाटी पुढे केली. म्हातारीने आधी मासे पाहिले, मग फळीकडे पाहिलं, मग करपलेला पाव पाहिला, मग राजाच्या दाढीतलं पीठ. तिने वाटी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली आणि आत गेली. वाटी फळीवर टेकल्याचा आवाज आला. मग विसळल्याचा आवाज आला. मग फोडणीचा.

ती परत आली तेव्हा तीच वाटी तिच्या हातात होती, गूळ-खोबरं घातलेल्या लाल भाताने भरलेली. तिने ती राजाच्या हातात ठेवली.

राजा घाबरला. "नको, नको. आम्ही ती परत करायला आलो आहोत."

"घ्या, महाराज," साळूबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आपल्या आळीतही कोणी भरून आलेली वाटी रिकामी परत करत नाही. ह्यांच्यातही तसंच दिसतंय."

राजा पायरीवर बसला आणि म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "माझ्या आजोबांचं राहिलं होतं." म्हातारीला शब्द कळले नाहीत. तिने त्याच्या दाढीतलं पीठ झटकलं.

नऊ दिवसांची वाट, पण भात वाटेत गरमच राहिला. ती वाटीच तशी होती. कुमुदा राजवाड्याच्या पायरीवर बसली होती. गालांवर रंग आला होता, पण भूक गेल्याची खात्री कोणालाच नव्हती. तिने चार घास घेतले, पाचवा घेतला, बोटं चाटली आणि वाटी दूर सारली.

"बाबा," ती म्हणाली, "पुरे."

मांत्रिकाने बेडकाचं सोंग सोडलं. बांधून ठेवलेला वारा सुटला. खजिन्याचं कुलूप निघालं, आणि ते माणिक कुमुदेच्या सागरगोट्यांत गेलं, कारण पाचवा खडा हरवला होता.

तेव्हापासून दर साली तो राजा चालत शंखपट्टणाला जातो, वाटेत भाता ओढतो, पीठ मळतो, आणि साळूबाई सगळ्यांच्या सुनांची चौकशी करते. पण त्या दिवशी, हात धुवायच्याही आधी, कुमुदेने वाटी हातात धरून भिंतीपाशी जाऊन हाक मारली होती.

"साळूमावशी, आता हिच्यात काय घालून पाठवायचं?"